सूर्याकडे तोंड, समुद्राकडे पाठ

उज्जैनमधल्या माधवनगरच्या आमच्या घरात रविवारी कुणाला वेळेवर अंघोळ मिळत नसे. न्हाणीघराच्या झरोक्याला काळं कांबळं लावून, आत लाल दिवा पेटवून बाबा बसलेले असत, आणि बाहेर आई हातात शिकेकाईची वाटी घेऊन उभी. "अहो, उघडता का आता? पोरीचं डोकं धुवायचंय, नळ जाईल!" आतून ओरड यायची, "उजेड येईल! हात लावू नकोस दाराला!" बाबा सरकारी शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. चित्रकला हे पोट आणि फोटो हा जीव. फोटो धुवायच्या औषधाचा आंबूस वास घरभर पसरायचा, दुपारच्या वरणभातालासुद्धा तो लागल्यासारखा वाटायचा. मागच्या अंगणात दोरीवर माझे परकर आणि बाबांचे फोटो शेजारीशेजारी चिमट्यांना लटकत. फोटो सगळे शिप्रा नदीचे. पाण्यावरचा बगळा, खांबावरचा खंड्या, पूर ओसरल्यावरचा गाळ. "माणसांचे काढा की जरा, चार लोक बघतील तरी," आई म्हणायची. "माणसं हलतात," बाबा म्हणायचे. "आणि बगळे काय पाय बांधून ठेवलेत?" आई जिंकली की घरात सगळ्यांना पोहे मिळत, वर मूठभर शेव.

घरातलं चौथं माणूस म्हणजे आत्या. बाबांची मोठी बहीण. त्यांची आई लवकर गेली तेव्हा आत्या स्वतःच परकरातली पोर होती, तरी बाबांना तिनंच वाढवलं. पुढे तिचं लग्न झालं, नवरा गेला आणि ती परत भावाकडे आली. परत आली म्हणजे काय, घरच ताब्यात घेतलं तिनं! बाबा चाळिशी ओलांडलेले, शाळेत पोरं त्यांना चळचळ कापायची, पण आत्यानं "विनू!" म्हणून हाक मारली की हातातला ब्रश खाली ठेवून उभे राहत. तिला 'नाही' म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही. आत्या रोज सकाळी रामघाटावर जायची. लहानपण घाटाजवळच गेल्यामुळे पाण्याची तिला भीती म्हणून नव्हती. नऊवारी लुगडं नेसून ती शिप्रेत उताणी पडून राहायची, पंडे लोक ओरडायचे, "ओ बुआजी, बाहर आओ, यजमान घबरा रहे हैं!" आणि ती पडल्यापडल्या त्यांना दोन शिव्या द्यायची. मग कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून, तांब्या कपाळापर्यंत उचलून उगवत्या सूर्याला अर्घ्य द्यायची. ताप असो, थंडी असो, यात खाडा नाही. सूर्याला पाणी दिल्याशिवाय तोंडात चहाचा थेंब नाही.

बाबांनी समुद्र पाहिलेला नव्हता. तुम्हाला खोटं वाटेल, पण उज्जैनमधल्या आमच्या ओळखीच्या निम्म्या मराठी माणसांनी तो पाहिलेला नव्हता. मूळ गाव कुठलं विचारलं तर सगळे कोकणातलं नाव सांगत, आणि कोकण कुठल्या दिशेला म्हटलं की भिंतीकडे बघत. शाळेच्या वाचनालयात कुठलंसं परदेशी मासिक येई, त्यात समुद्राचे फोटो असत. उसळलेली लाट, लाटेवरून निसटणारा पक्षी, पाण्यातून अर्धा वर आलेला मासा. ते मासिक बाबा घरी आणत आणि जेवताना ताटाशेजारी उघडं ठेवत. "असा एक फोटो निघाला ना, तर जन्माचं सार्थक," असं ते म्हणायचे, आणि आत्या म्हणायची, "आधी भाजी संपव." माझा नातू परवा नानाखेड्याच्या आमच्या फ्लॅटवर आला होता. त्यानं मोबाइल काढून एका मिनिटात मला देवमासा दाखवला, डॉल्फिन दाखवला, समुद्राच्या तळाचं कासवसुद्धा दाखवलं. मी "मस्त आहे रे" म्हटलं. काय सांगणार त्याला?

तर बाबांच्या शाळेतले दामूकाका नोकरी सोडून आपल्या कोकणातल्या गावी परत गेले होते. त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत या, या, असा घोशा लावला. घर किनाऱ्याला लागून आहे, समोरच्या खडकावर समुद्रगरुडाचं घरटं आहे, होडीतून गेलं तर डॉल्फिन दिसतात. डॉल्फिनचं नाव ऐकून बाबांची झोपच उडाली. आई तयार नव्हती, कारण दिवाळीत घर बंद ठेवायचं म्हणजे काय! पण आत्यानं निकाल लावला. "जाऊ या. सगळ्या नद्या समुद्रालाच तर मिळतात. आपली शिप्रापण. तिथं एक डुबकी म्हणजे सगळ्या घाटांची डुबकी." बाबांतला मास्तर जागा झाला. "अगं अक्का, शिप्रा चंबळला मिळते, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. ती तिकडच्या समुद्रात जाते. हा वेगळा." आत्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं, की बाबा पुन्हा सहा वर्षांचे झाले. "काय फालतू बात करतोस विनू! समुद्राला काय मधे भिंत घातली आहे का कुणी? पाणी एकच." आजही मला तिचंच बरोबर वाटतं.

प्रवासाचं काही सांगत नाही. गाडी, मग एसटी, मग बैलगाडी, आणि सगळा वेळ आईच्या मांडीवर दशम्यांचा आणि शेवेचा डबा. समुद्र दिसला तेव्हा मात्र आम्ही चौघं चार तऱ्हांनी वागलो. बाबांनी आधी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं. आत्यानं हात जोडले. मी पळत सुटले आणि तोंडावर पडले. आणि आई, जिनं आयुष्यभर एक दिवसाआड येणाऱ्या नळाखाली हंडे लावले, ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगंबाई, एवढं पाणी! आणि सगळं खारट? देवाला तरी काय म्हणावं!" दामूकाका पोट धरून हसले. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आम्हाला कुळथाची पिठी, भात आणि सोलकढी वाढली. रात्रंदिवस लाटांचा आवाज चालू. पहिल्या रात्री आईला वाटलं पाऊस पडतोय, म्हणून ती दोनदा वाळत घातलेले कपडे काढायला उठली.

डॉल्फिन पाहायला आम्ही होडीतून गेलो ती गंमत सांगितलीच पाहिजे. बाबांचा कॅमेरा पेटीसारखा होता. गळ्यात अडकवून छातीशी धरायचा आणि वरून आत वाकून बघायचं. आत काचेवर चित्र उमटायचं, तेही डावं-उजवं उलटं. त्यामुळे फोटो काढताना बाबांचं डोकं कायम खाली. एकदम पाण्यातून काळी चकचकीत पाठ वर आली, सूऽऽ असा श्वासाचा आवाज आला, आणि मी इतक्या जोरात किंचाळले की होडीवाला हसायला लागला. "बाबा, तिकडे!" बाबा वाकून काचेत शोधतायत, उजवीकडे म्हटलं की त्यांच्या काचेत ते डावीकडे, तोवर डॉल्फिन गडप. पुन्हा वर आला, पुन्हा तेच. आई होडीच्या कडेला धरून ओकत होती आणि मधेच मान वर करून म्हणत होती, "अहो, नुसते डोळ्यांनी बघा ना!" आत्या पुढच्या टोकाला राणीसारखी बसली होती, तिनं सगळे डॉल्फिन पाहिले. बाबांनी एकही पाहिला नाही. त्या रिळाचे फोटो नंतर धुतले तेव्हा त्यात सगळं पाणीच निघालं, डॉल्फिन नुकताच जिथून गेला ते पाणी. तरी त्यातला एक त्यांनी चौकट करून लावला. आलेल्यागेलेल्याला दाखवत, "हे बघा, इथे होता."

आत्याचं स्नान तिथंही चालू होतंच. पण पहिल्याच सकाळी घोटाळा लक्षात आला. दामूकाकांच्या गावात सूर्य उगवायचा घरामागच्या डोंगरावर, आणि समुद्र त्याच्या नेमका उलट बाजूला. रामघाटावर असली पंचाईत कधी झाली नव्हती, तिथं शिप्रा शहाण्यासारखी वाहते आणि पाठीवर कुणी येत नाही. इथं सूर्याकडे तोंड करायचं तर समुद्राकडे पाठ होते. काकू पायरीवरून ओरडल्या, "आत्याबाई, दर्याला पाठ दाखवू नये हो! इथं आम्ही पोरांनापण तेच शिकवतो." आत्या म्हणाली, "आणि सूर्याला दाखवू काय?" दामूकाका म्हणाले, "वाळूवर उभं राहून द्या ना पाणी." आत्या म्हणाली, "समुद्रावर येऊन कोरड्यात अर्घ्य? लोक हसतील." कोण लोक, ते तिलाच ठाऊक. दोन दिवस ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि काही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी बाबा कॅमेरा घेऊन तिच्याबरोबर गेले. मीही गेले, आत्याचं कोरडं लुगडं सांभाळायला. डोंगरामागून ऊन आलं ते थेट आत्याच्या तोंडावर, आणि मागे निळ्या-हिरव्या लाटा. बाबा वाकले आणि त्यांच्या तोंडून "वा!" निघालं. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं, माझ्या जन्माच्या वेळीसुद्धा झाले नसतील. माणसांचे फोटो न काढणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांना माणूस सापडलं. "अक्का, हलू नको हं! तांब्या जरा वर. वर. आता एक पाऊल मागे सर." आत्या मागे गेली. "अजून थोडी. काचेत लाट पूर्ण येत नाहीये." आत्या पुटपुटली, "याचं काही धड नाही," पण गेली मागे. भावाला ती तरी कधी 'नाही' म्हणाली होती? कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली, डोळे मिटले, ओठ हलायला लागले.

ती लाट मी पाहिली. बाकीच्या लाटांच्या मागे एक वेगळीच उंच, गुपचूप येत होती. मी ओरडले, "आत्या, बाहेर ये!" पण समुद्राच्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. बाबांनीही ती पाहिली होती. पुढे कित्येक वर्षांनी, आपणहून, भाजी निवडता निवडता ते मला म्हणाले, "काचेत ती बोटभर दिसत होती गं. मला वाटलं, छान, आली एकदाची." लाट आत्याच्या डोक्यावरून गेली, माझ्या पायांपर्यंत आली, आणि परत जाताना पायाखालची वाळू घेऊन गेली. पाणी ओसरलं तेव्हा आत्या जिथं होती तिथं काहीच नव्हतं. तांब्या तेवढा वाळूवर गडगडत आला.

मग ती दिसली, पण केवढी लांब! नदीत माणूस वाहून गेलं तर काठाकाठानं पळता येतं, फांदी पुढे करता येते. इथं ती सरळ आत, आत चालली होती, ओढल्यासारखी. बाबांनी कॅमेरा टाकला आणि पाण्यात उडी घेतली. ते पट्टीचे पोहणारे, पुरात शिप्रा ओलांडणारे. पण समुद्रानं त्यांना उचललं आणि वाळूवर आणून आपटलं. ते उठले, पुन्हा गेले. पुन्हा आपटलं. "अक्का! अक्काऽऽ!" तिला नेणारं पाणी आणि त्यांना परत फेकणारं पाणी एकच होतं, त्याच्याशी कुठल्या तोंडानं भांडायचं? दामूकाका धावत आले आणि त्यांनी पाहिलं, तर वाळूवर एकही होडी नव्हती, सगळ्या मासेमारीला गेलेल्या. ते टेकडीवर धावले, कुठली होडी दिसली तर हाक मारायला. आई आली ती अनवाणी, हाताला पीठ तसंच. तिनं मला घट्ट धरलं. मी तिला विचारत होते, "आता काय करायचं? आई, सांग ना, काय करायचं?" आई, जिच्याकडे भाजलेल्या हातापासून रडणाऱ्या पाहुण्यापर्यंत सगळ्यावर इलाज असायचा, ती म्हणाली, "काही नाही गं. काही करता येत नाही." ते वाक्य मला अजून ऐकू येतं. तोवर मला वाटत होतं, मोठ्या माणसांना काहीतरी येतंच.

आम्ही बघत राहिलो. एवढंच आमच्या हातात होतं. पांढरं लुगडं फुगून पाण्यावर दिसत होतं, म्हणजे ती उताणी पडली होती, शिप्रेत पडायची तशी. लाट मधे आली की दिसेनाशी व्हायची आणि आमचा जीव जायचा. पुन्हा दिसली की आई म्हणायची, "आहेत, वन्सं आहेत." आजूबाजूला सगळं रोजच्यासारखं चाललं होतं, याचाच मला भयंकर राग आला. खेकडे बिळातून वाळूच्या गोळ्या बाहेर टाकत होते. समुद्रगरुड वर घिरट्या घालत होता. ऊन सुंदर पडलं होतं. बाबा छातीभर पाण्यात शिरत होते आणि परत येत होते, शेवटी तर ते पोहत नव्हतेच, नुसते चालत जायचे आणि पडायचे. काकूंनी दोन माणसं बोलावून त्यांना धरून ठेवलं. मग पांढरं लुगडं खडकांच्या मागे गेलं आणि नंतर दिसलंच नाही. बाबा वाळूत बसले आणि म्हणाले, "मीच म्हटलं, मागे सर." आई त्यांच्याशेजारी बसली. तिनं 'तुमची काही चूक नाही' असं म्हटलं नाही, नुसती बसली. किती वेळ गेला ते मला तेव्हाही कळलं नाही.

आत्या परत आली ती होडीतून, मासळीच्या ढिगाशेजारी पडून. खडकांच्या पलीकडून घरी येणाऱ्या एका होडीला ती दिसली होती. होडीवाला म्हणाला, "आमका वाटला मेलेलाच माणूस. जवळ गेलो तर म्हातारी रामरक्षा म्हणते!" तिचे ओठ निळे पडले होते, दात वाजत होते, आणि अंगाला बांगड्यांचा वास येत होता. बांगडे म्हणजे मासे हो! जी जन्मात कांद्याला शिवली नाही तिची ही गत. काकूंनी तिला शेक दिला, आल्याचा काढा पुढे केला. पण सूर्याला पाणी दिलेलं नव्हतं म्हणून ती काढा घेईना. तेव्हा बाबा भडकले. आयुष्यात पहिल्यांदा बहिणीवर ओरडले. "पुरे झालं! मेली असतीस! आम्ही तिकडे उभे राहून बघत होतो, कळतंय का तुला? बघत होतो नुसते!"

आत्यानं वाटी तोंडाला लावली. एक घोट घेतला. मग म्हणाली, "मी पण बघतच होते रे. तोंड तुमच्याकडेच होतं माझं. माझं काय, मी पडून होते, पाणी नेईल तिकडे जात होते. पण तू पुन्हापुन्हा आत शिरत होतास. पडायचास, उठायचास, पुन्हा शिरायचास. मी तिथून ओरडते आहे, विनू, नको येऊ, आणि तुला काही ऐकूच जात नाही. तुझी सुमन पोरीला धरून उभी. म्हटलं, देवा, माझं सोड, या गाढवाला कुणीतरी धरा. पण मी काय करणार होते तिथून?" एवढं बोलून ती ढसाढसा रडायला लागली. बाबा तिच्या पायांशी बसले. मला तोवर वाटत होतं की लाचार आम्ही होतो, काठावरचे. तिचा विचार मी केलाच नव्हता.

कॅमेऱ्यात खारं पाणी गेलं होतं, त्यातलं रीळ वाया गेलं. बरं झालं. आत्याला ताप भरला. निघायच्या दिवशी सकाळी तो उतरला आणि ती तोच तांब्या घेऊन दारात उभी. आई आडवी आली. "वन्सं, आता बस्स. घरी जाऊन शिप्रेवर द्या हवं तेवढं पाणी." आत्या म्हणाली, "तापातले दिवस गेले ते गेले. आज उभी राहू शकते, मग कसं चुकवू?" आईनं बाबांकडे पाहिलं. बोला ना काहीतरी! बाबा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडायला लागले. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "दोघं एकाच माळेचे मणी!"

आत्या गुडघाभर पाण्यात उभी राहिली, डोंगराकडे तोंड करून. बाबा तिच्या मागे जाऊन उभे राहिले, तिच्या पाठीला पाठ लावून, समुद्राकडे तोंड करून. तशी लाट पुन्हा आली असती तर ते काय करणार होते? काही नाही. दोघं गेले असते. हे त्यांना ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं, आणि वाळूवर माझा हात धरून उभ्या असलेल्या आईला तर पक्कं ठाऊक होतं. आत्यानं डोळे मिटून तांब्या कपाळापर्यंत उचलला, आणि बाबांनी, गल्लीत अंगावर येणारी म्हैस अडवावी तसे, समुद्रासमोर दोन्ही हात पसरले.